तीन माळांचं पाणी

आजी गेली त्यानंतर नवव्या दिवशी पाण्याची पाळी आली, आणि दाराच्या दगडावर बसायचं कोणी हा प्रश्न घरात पहिल्यांदाच उभा राहिला.

दगड म्हणजे काही सिंहासन नव्हतं. कालव्याचा बारका पाट दोन शेतांच्या मधल्या बांधाला येऊन टेकायचा, तिथे दोन लाकडी फळ्या होत्या, तेच पाण्याचं दार. डावी उचलली की पाणी शेजारच्या गवंड्याच्या शेतात, उजवी उचलली की आपल्या. फळ्यांच्या शेजारी हा दगड, मधोमध खोलगट झालेला. साठ वर्षं एकच बाई एकाच जागी बसली तर दगडालासुद्धा बूड फुटतं, असं आजी स्वतःच म्हणायची.

"चिमणी बसेल," बाबा म्हणाले. "माळ तिच्याकडे आहे."

चिमणी म्हणजे नात. पाळण्यात होती तेव्हा आजीने ठेवलेलं हे नाव. आता ती बेचाळीस वर्षांची, बापासारखी रुंद खांद्यांची, एका हाताने बैलाला मागे रेटणारी बाई झाली होती. पण गावाने नाव काही बदललं नाही. लग्न जमलं नाही, मग तिनेच तो विषय सोडला आणि फावडं धरलं. आजीला अंघोळ घालणं, आजीला रविवारी चर्चमध्ये मिस्सेला नेणं, आजीच्या शिव्या खाणं, हे सगळं तिच्याकडेच. आजीला पुरताना फादरांनी आणलेली नवी कोरी जपमाळ तिच्या बोटांत गुंडाळली आणि जुनी, काळी पडलेली, दोन ठिकाणी दोऱ्याने बांधलेली माळ चिमणीने खिशात ठेवली. नवी माळ देवाला दाखवायला आणि जुनी कामाला, असं आजीनेच सांगून ठेवलं होतं.

ही माळ कामाला कशी लागली ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी, असंच पावसाने तोंड फिरवलेलं साल. पाटकऱ्याने दोन्ही शेतांना मिळून दोन तास पाणी ठरवून दिलेलं. आजोबांच्या घड्याळाने आजोबांचा तास भरलेला नव्हता, गवंड्याच्या बापाच्या घड्याळाने कधीच भरलेला होता. शब्दाला शब्द वाढला, फावड्याला फावडं लागलं, आणि आजोबांच्या कपाळावर चार बोटांची खूण राहिली ती मरेपर्यंत. त्या दिवशी आजी, तेव्हाची अठ्ठावीस-तीस वर्षांची सून, कडेवर पोर घेऊन बांधावर आली. कडेवरचं पोर म्हणजे आताचे बाबा. तिने पोराला खाली ठेवलं, दोन्ही पुरुषांची घड्याळं मागून घेतली, आणि स्वतःच्या गळ्यातली जपमाळ काढून दगडावर बसली.

"तीन माळा तुम्हाला, तीन माळा आम्हाला. आनंदाची, दुःखाची, गौरवाची. मी म्हणते. माळेला किल्ली द्यावी लागत नाही."

"तू त्यांच्या घरची," गवंड्याचा बाप म्हणाला. "माप तुझ्या हातात दिलं तर ते तुझ्याच घराकडे झुकणार."

"बघा झुकतं का," आजी म्हणाली.

साठ वर्षांत त्या बांधावर पुन्हा भांडण झालं नाही. आजोबा गेले, गवंड्याचा बाप गेला, घरात भिंतीवर घड्याळ आलं, नंतर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. पण पाळीच्या दिवशी दाराजवळ घड्याळ काढायचं नाही, ही जणू अकरावी आज्ञा. आईच्या माळेपुढे घड्याळ धरणं म्हणजे आईवर संशय घेणं, असं बाबा म्हणत.

आठवड्यातून एकदा पाळी. सकाळी साडेसातला पाटकरी वरचं दार उचलायचा. आधी गवंड्याचं शेत, मग आपलं. गवंड्याच्या वेळी घरची माणसं गुरांचं, चुलीचं आवरत. दगडावर फक्त आजी असायची, आणि शेजारी गवंड्याची आई, मोठी काकू. त्यांचं शेत भरलं की आजी अशी हाळी द्यायची की चर्चच्या घंटेवरची कबुतरं उडावीत. मग बाबा आणि चिमणी फावडी घेऊन धावत, आजी उजवी फळी उचले, आणि माळ पुन्हा सुरू.

चिमणी जप शिकली ती तिथेच, त्या दगडाच्या पायाशी, पाणी वाफ्यातून वाफ्यात फिरवताना. आजीचा जप म्हणजे भरधाव गाडी. "नमो मरिये कृपापूर्णे प्रभू तुझ्याठायी, हाट् गं कोंबडे, धन्य तू स्त्रियांमध्ये, चिमे ती मेर फुटली बघ, पवित्र मरिये देवाच्या माते..." कोंबडीला हाकलणं, चिमणीला ओरडणं, नाक शिंकरणं, सगळं जपातच, माता मरियेला त्याचं काही वाटत नसावं. तिसऱ्या माळेचा शेवटचा मणी आला की आजी कपाळाला हात लावायची, उठायची, आणि फळी खटकन खाली. मग एक लाल फडकं काठीवर चढायचं. ते हललं की वर उभा असलेला पाटकरी पाणी खालच्या शेतांकडे वळवायचा.

आणि दर आठवड्याला आपला शेवटचा वाफा, आंब्याखालचा, दोन हात कोरडा राहायचा.

बाबांनी त्या वाफ्यावर जन्म घालवला. दर मोसमाला त्याचा उतार काढायचा, माती ओढायची, दोरी लावायची, ताटलीत पाणी घेऊन जमीन तोलायची. "या वाफ्यात काहीतरी खोट आहे," ते म्हणायचे. पस्तिसाव्या वर्षी म्हणायचे तसंच त्रेसष्टाव्या वर्षीही. आजी दगडावरून बघत राहायची. संध्याकाळी धुण्याभांड्यांचं पाणी ती दोन बादल्यांत भरायची आणि वाकत वाकत आंब्याखाली नेऊन ओतायची. ऐंशी वर्षांची झाली तेव्हा बाबांनी बादल्या लपवल्या. तिने घागर घेतली. घागर लपवली तर तपेली घेतली. शेवटी बादल्या परत मिळाल्या.

"एवढं काय आहे त्या वाफ्यात?" चिमणी विचारायची.

"घरचं पाणी वाया घालवू नये," आजी म्हणायची.

तर नवव्या दिवशी चिमणी दगडावर बसली. खोलगट जागा तिला थोडी लहान झाली. डावी फळी उचलली, क्रूसाची खूण केली आणि जप सुरू केला. जसा कानात होता तसाच, त्याच वेगाने; कोंबडी नव्हती तरी जिथे आजी हाट् म्हणायची तिथे चिमणीची जीभ जरा अडखळली. तीन माळा झाल्या. ती उठली आणि फळी खाली टाकली.

"ए ए ए!" शेताच्या पलीकडच्या टोकातून गवंडी ओरडला. "काय केलंस? दार का पाडलंस?"

गवंडी म्हणजे शेजारचा काका. उन्हाळ्यात लोकांच्या भिंती बांधायचा म्हणून नाव गवंडी. मनाने सरळ, तोंडाने मात्र करवत. पाय चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले, तसाच बांध तुडवत आला.

"झाल्या तीन माळा," चिमणी म्हणाली.

"कसल्या झाल्या? लिंबाजवळचे दोन वाफे ठणठणीत कोरडे आहेत! कांद्याची रोपं लावलीत मी त्यात."

"काका, एकशे पन्नास मणी. एक कमी नाही."

"आजी होती तोवर लिंबाच्या बुंध्यापर्यंत पाणी यायचं. बुंध्यापर्यंत! माझा पाय ओला व्हायचा, मग फळी पडायची. साठ वर्षं. आज आजी गेली आणि माझ्या तोंडाला पानं पुसायला निघालात?"

बाबा हाळी न ऐकताच आले होते. "तोंड सांभाळून बोल," ते म्हणाले. "आम्हालाही तेवढ्याच तीन माळा मिळणार. ऊन चढायच्या आत आम्हाला भरू दे."

उजवी फळी उचलली. गवंडी तिथून हलला नाही. त्याने खिशातून मोबाईल काढला आणि दगडासमोर उभा राहिला. साठ वर्षांत त्या दगडासमोर पहिल्यांदा वेळ मोजला गेला. चिमणीचे कान तापले. पण तिने जप तसाच म्हटला. संपला तेव्हा आंब्याखालचा वाफा नेहमीसारखा दोन हात कोरडा.

"पंचेचाळीस मिनिटं," गवंडी म्हणाला.

"तुझीही पंचेचाळीसच झाली असणार," बाबा म्हणाले. "तीच पोरगी, तीच माळ. बोल आता."

हिशेबात खोट सापडत नव्हती आणि लिंबाखालचे वाफे तर समोर कोरडे दिसत होते. गवंडी नुसता फावड्याने बांधावर माती आपटत राहिला.

चिमणीने फडकं हलवलं. थोड्या वेळाने पाटकरी सायकल हातात धरून वरून खाली आला.

"काय गं, आज लवकर उरकलं?" तो म्हणाला. "नऊच वाजलेत. म्हातारी असताना बरोबर साडेनऊला फडकं हलायचं. मी त्यावर चहाचं आधण ठेवायचो."

पाटकरी तिघांच्या तोंडांकडे बघून सायकल वळवून निघून गेला.

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, चार माणसं ऐकतील अशा आवाजात गवंडी म्हणाला, "खरी माळ पुरली आणि खोटी घरात ठेवली. दुसरं काय!"

चिमणी पायऱ्या उतरत होती. तिचा पाय पुढे पडेना. स्वतःला कोणी चोर म्हटलं असतं तर तिने दोन शब्द जास्त सुनावले असते. तोंड तिला आजीकडूनच मिळालं होतं. पण आजीच्या माळेला खोटी म्हटलं. ज्या माळेवर आजीने दोन लेकरं पुरली, नवरा पुरला, ज्या माळेने आजोबा तापात असताना बावीस दिवस मोजले, जी हरवली तेव्हा आजीने हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनला "सापडेपर्यंत तुला मेणबत्ती नाही" असं दरडावलं आणि ती पिठाच्या डब्यात सापडली, ती माळ खोटी? चिमणी तशीच उलटी फिरली आणि फादरांच्या खोलीत शिरली.

फादर झगा काढून घडी घालत होते. म्हातारे गृहस्थ, गुडघ्यांनी त्रासलेले.

"फादर, तीन माळांना किती वेळ लागतो?"

"मला? एकेका माळेला पंधरा मिनिटं. घाईत बारा." ते हसले. "देवाला चालतं. कांद्याला चालतं की नाही मला माहीत नाही."

म्हणजे गोष्ट इथवर पोचली होती.

"आजीला किती लागायचा?"

फादरांनी घडी पुन्हा उलगडली आणि पुन्हा घातली. "पोरी, तुझी आजी तीस वर्षं माझ्याकडे पापं सांगायला यायची. त्यातलं मी काही बोलायचं नाही, ते तुला माहीत आहे. पण जे पाप नाही, ते मला विचारून काय उपयोग? साठ वर्षं तिच्या शेजारी कोण बसायचं, त्याला विचार."

साठ वर्षं शेजारी बसणारी एकच. चिमणी दुपारी गवंड्याच्या घरी मागच्या दाराने गेली, गवंडी घरात नाही हे बघून. मोठी काकू मागच्या ओट्यावर शेंगा सोलत होती. डोळ्यांनी जवळजवळ गेलेली, पण शेंगेतला किडका दाणा बोटाला बरोबर लागायचा. ती आजीपेक्षा चार वर्षांनी लहान होती आणि हे सत्त्याऐंशी वर्षांची असतानाही अभिमानाने सांगायची.

"कोण? चिमे? पाय आपटत चालतेस, बाप तसाच."

चिमणी तिच्यासमोर बसली आणि सुपातल्या शेंगा सोलू लागली. दोन मुठी झाल्यावर म्हणाली, "काकू, मी तुमच्या वाट्याचं पाणी खाल्लं असं काका म्हणतात."

"म्हणतो खरा. घरी पण तेच म्हणतो. डोकं उठवलंय."

"मी आजीसारखाच जप केला. अगदी तसाच."

"करून दाखव."

चिमणीने तिथेच दहा मणी म्हणून दाखवले. काकूची बोटं सोलायची थांबली. मग ती हसायला लागली. आधी पोट हललं, मग खांदे, मग बोळक्या तोंडातून आवाज फुटला. डोळे पुसत म्हणाली, "अगं बये. हा तर तुमच्या पाळीचा जप!"

"म्हणजे?"

"तुमच्या पाळीला ती बोलायची. आमच्या पाळीला गायची."

चिमणीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

लहानपणापासून, चुलीपाशी किंवा गोठ्यात असताना, शेताकडून आजीचं गाणं यायचं. आज आजी रंगात आहे, असं चिमणी म्हणायची. गुरांना चारा टाकताना बाबासुद्धा म्हणायचे, आई रंगात आहे. मग गाणं थांबायचं, हाळी यायची, हे दोघं फावडी घेऊन धावायचे. जोवर गाणं चालू आहे तोवर आपल्याला घाई नाही, एवढंच त्या गाण्याचं काम. आजी काय गाते, किती वेळ गाते, हे कोणी विचारलं नव्हतं.

"एकेक नमो मरिया अशी लांबवायची," काकू म्हणाली, "की मी मधे एक डुलकी काढून यायचे. आणि तीन माळा झाल्या की मरियेची आळवणी, सगळी नावं घेऊन, तीही गाऊन. मी मागून म्हणायचे, आम्हांसाठी विनंती कर. लिंबाखाली पाणी लागलं की हा ओरडायचा, मग ती कपाळाला हात लावायची."

"पण का? काकू, पाणी तर दोघांचं सारखं."

"आमच्या ह्यांनी म्हटलं होतं ना, माप तुझ्याच घराकडे झुकणार. लागलं ते तिला. मी एकदा म्हटलं, अगं, माणूस गेला त्याला वीस वर्षं झाली, आता तरी सारखं म्हण. तर म्हणाली, आता जिभेला सवय लागली." काकूने सूप बाजूला सारलं. "जगाचं असतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तुझ्या आजीचं सगळं उलटं. मला शपथ घातली होती, जिवंतपणी बोलू नकोस म्हणून."

"कोणाच्या जिवंतपणी? तिच्या की तुमच्या?"

काकूने विचार केला. "तेवढं ठरवायचं राहिलं," ती म्हणाली. "माझ्या पोराला मात्र सांगू नको. फुकटचं खाल्लं म्हणून तोंड पाडून बसेल आणि मग दोन वर्षं तुमच्याकडे चहाला येणार नाही. ये, चाल शिकवते. सोपी आहे. श्वास तेवढा पाहिजे."

त्या दुपारी ओट्यावर एक आंधळी म्हातारी आणि एक रुंद खांद्यांची बाई शेंगा सोलत गात बसल्या. आळवणीपाशी आल्यावर काकू दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा चूक आजीची आहे म्हणाली.

घरी येऊन चिमणीने बाबांना सांगितलं. जेवणाचं ताट समोर होतं. बाबांनी ऐकून घेतलं, घास ताटात ठेवला, हात धुतला आणि उठून शेतात गेले. चिमणी मागून गेली. ते आंब्याखालच्या वाफ्याच्या कडेला उकिडवे बसले होते. जमीन भेगाळलेली, मक्याची शेवटची ओळ बोटभर आखूड, पानं कडेने करपलेली.

"पन्नास वर्षं," ते म्हणाले. "पन्नास वर्षं मी हा वाफा खणतोय. दोऱ्या लावतोय. ताटलीत पाणी घेऊन लोळतोय इथे मातीत, आणि माझी आई तिथून बघतेय! एकदा तरी म्हणावं, बाळा, राहू दे. वाफ्यात खोट नाही."

चिमणीला हसू आलं. ते तिने गिळलं.

"हसू नकोस! गवंडी माझ्या पिकाला नावं ठेवतो दरवर्षी. म्हणतो, दादा, तुम्हाला पाणी द्यायची कला नाही. कला! माझ्या आईने माझ्याच पोटाला चिमटा काढून त्याच्या लिंबाला पाणी पाजलं, आणि वर मी बिनकलेचा." त्यांनी मातीचं ढेकूळ उचलून फोडलं. आतही ओल नव्हती. "सुखाचं साल असतं तर मी काही बोललो नसतो. पण यंदा विहिरीला तळ दिसतोय, चिमे. ही ओळ गेली की गुरांचा महिन्याचा चारा गेला. दोन तास पाणी, दोन घरं. एक तास त्याला, एक तास आपल्याला. ह्यात कोणाचं काही खाल्लं?"

"नाही."

"मग झालं. येत्या पाळीला मोबाईल मी धरणार. तासाची घंटा लावून ठेवणार. वाजली की तू फळी टाकायची."

यात चुकीचं काही नव्हतं, आणि तेच चिमणीच्या जिवावर आलं. आठवडाभर ती गोठ्यात गात राहिली. एका तासात बसेल असं गाता येतं का, तेही तिने करून पाहिलं. दुःखाच्या माळेपाशी आवाज आपोआप संथ व्हायचा, आणि घाई केली की चाल मोडायची. माळ खिशात घेऊन ती आजीच्या थडग्यावर गेली. माती अजून खचली नव्हती. "तू गेलीस आणि मला दगडावर बसवून गेलीस," ती म्हणाली. "आता सांग." पण आजीला जिवंतपणी कोणी सांगायला लावू शकलं नव्हतं.

पाळीच्या दिवशी आकाश राखेसारखं, ढगाचा कपटा नाही. साडेसातला पाण्याचा आवाज पाटातून येऊ लागला. गवंडी त्याच्या शेतात फावडं घेऊन उभा, तोंड दुसरीकडे. मोठी काकू आली नव्हती. उन्हात चालवत नाही म्हणाली. बाबा दगडाच्या मागे बांधावरच्या झाडाच्या सावलीला उभे राहिले, हातात मोबाईल.

"लावलाय तास," ते म्हणाले.

चिमणीने डावी फळी उचलली आणि गायला लागली.

पहिल्या दहा मण्यांनाच गवंड्याने मान वळवली. फावड्यावर दोन्ही हात ठेवून तो ऐकत राहिला, इतका की एक मेर फुटून पाणी वाटेत गेलं तेव्हा धावला. चिमणीचा आवाज आजीसारखा बारीक नव्हता. खालच्या पट्टीतला, भरड. पण चाल तीच होती, आणि जिथे आजी श्वास घ्यायची तिथेच हिलाही श्वास घ्यावासा वाटला. आनंदाची माळ झाली. दुःखाची लागली. ऊन दगडावर आलं, मग गुडघ्यांवर आलं.

तिने मागे पाहिलं नाही. बाबा सावलीतून पुढे आलेत एवढं तिला कळलं, कारण त्यांची सावली तिच्या पायाशी पडली. ते गाणं त्यांनी साठ वर्षं गोठ्यातून ऐकलं होतं, अर्धं, वाऱ्याने तोडलेलं. कडेवरून खाली ठेवलेल्या पोराने पहिल्या दिवशी ते जवळून ऐकलं असेल तर असेल. आता त्याचे शब्द लागत होते.

गौरवाची माळ अर्ध्यावर असताना मोबाईल वाजला. किणकिणीत, आनंदी आवाज. चिमणीचा सूर हलला. हात फळीकडे गेला, आणि थांबला. पाणी गवंड्याच्या लिंबापासून दोन वाफे अलीकडे होतं. कांद्याची रोपं इथूनही माना टाकलेली दिसत होती. ती गात राहिली. बापाने फळी टाक म्हणावं, ती टाकेल. तिने मनाशी तेवढं ठरवलं होतं. मोबाईल वाजत राहिला.

मग तो बंद झाला. बाबा काही बोलले नाहीत.

गौरवाची माळ संपली. आता आळवणी. तिला मागून म्हणणारं कोणीतरी लागतं, हे चिमणीला तेव्हा आठवलं. एकटीने आळवणी गाणं म्हणजे एका हाताने टाळी. तरी तिने सुरू केली.

"पवित्र मरिये..."

पाण्याचा आवाज तेवढा आला.

"प्रभातीच्या ताऱ्या..."

"आम्हांसाठी विनंती कर," मागून बाबा म्हणाले. गायले नाहीत, पुटपुटले. घसा साफ करून पुढच्या नावाला जरा सुरात आले, आणि त्याच्या पुढच्याला चाल बरोबर धरली. आजाऱ्यांचं आरोग्य. पापी जनांचा आसरा. दुःखितांचं सांत्वन. प्रत्येक नावामागे त्रेसष्ट वर्षांचा माणूस मागत गेला, डोळे पाण्यावर, हात पाठीशी, मोबाईल खिशात.

"लागलं!" गवंडी लिंबाखालून ओरडला. पाय झटकत होता. "बुंध्याला लागलं!"

चिमणीने कपाळाला हात लावला आणि फळी खाली टाकली.

गवंडी बांधावर आला. चेहरा आठवड्यापूर्वीचा नव्हता. "चिमणे, चर्चपाशी मी बोललो ते..." तो अडला, मग बाबांकडे वळला. "बघा दादा, आता कसं बरोबर झालं. माप म्हणजे माप. आजीने घालून दिलेलं."

बाबांनी एकदा आंब्याखालच्या वाफ्याकडे पाहिलं.

"माप म्हणजे माप," बाबा म्हणाले. "चहाला ये संध्याकाळी."

मग उजवी फळी. पाणी आपल्या शेतात आलं तसं बाबा अनवाणी धावले, मेरा फोडत, मेरा बांधत. आणि चिमणी दगडावर बसून जप बोलू लागली, भरभर, आजीच्या घरच्या चालीने. नमो मरिये कृपापूर्णे. कुठूनशी एक कोंबडी आली. "हाट्," चिमणी म्हणाली, आणि जप एकदाही अडखळला नाही. तीन माळा संपल्या. पाणी आंब्याखालच्या वाफ्यात शिरलं होतं, करपलेल्या ओळीपासून दोन हातांवर. तिने बापाकडे पाहिलं. बाप पाण्याकडे बघत होता. तिने फळी टाकली आणि काठीवर लाल फडकं चढवलं. वर पाटकऱ्याने हात हलवला. साडेनऊ झाले होते.

पाणी वाफ्यात जिरत गेलं. दोन हात कोरडे राहिले, साठ वर्षं राहिले तसेच.

बाबांनी फावडं आंब्याला टेकवलं. चिखलाचे हात कमरेला पुसले आणि तडक घराकडे चालू लागले. चिमणीला वाटलं, रागावले. ती माळ हातात घेऊन बसून राहिली. थोड्या वेळाने बांधावर पावलांचा आवाज आला, जड, डुलणारा. बाबा येत होते. दोन्ही हातांत आजीच्या बादल्या, काठोकाठ भरलेल्या, धुण्याच्या पाण्याचा फेस कडेवरून सांडत.

"द्या इकडे," चिमणी उठली. "मी नेते."

"बस तिथेच," बाबा म्हणाले. "या वाफ्याला उतार नाही. तुला जमायचं नाही."

आणि वाकून, एका हाताने मक्याची पानं बाजूला सारत, ते शेवटच्या ओळीच्या मुळाशी पाणी ओतू लागले.